बर्फातली 42 टक्के मतं

विधानसभेचा अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस आठवून बघा. दुपारचे अडीच वाजून गेलेत, तीनला अर्ज घेणं बंद होणार. निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीबाहेर गुलाल, हार, ढोल सगळं तयार आहे, पण इच्छुक उमेदवार घामाघूम होऊन फोन कानाला लावून उभा आहे. मुंबईहून एबी फॉर्म घेऊन निघालेली गाडी अजून पोचलेली नाही. तो कागद ज्याच्या हातात पडेल तो पक्षाचा उमेदवार. बाकीच्यांनी एकतर घरी जायचं, नाहीतर अपक्ष उभं राहून बंडखोर म्हणवून घ्यायचं.

अमेरिकेतल्या अध्यक्षीय निवडणुकीच्या बातम्या वाचताना आपला गोंधळ होतो तो इथेच. तिकडे एबी फॉर्म नाही. पक्षाचं तिकीट कुणाला द्यायचं हे ठरवण्यासाठी आधी पक्षांतर्गतच निवडणूक होते, तिला प्रायमरी म्हणतात. पक्षाला मानणारे सामान्य मतदार रांगेत उभे राहून मत देतात, राज्याराज्यांतून. त्या मतांच्या हिशोबाने प्रत्येक राज्यातून प्रतिनिधी निवडले जातात आणि उन्हाळ्यात पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनात हे प्रतिनिधी उमेदवारावर शिक्का मारतात. आपल्याकडची बंडखोरी तिकीटवाटप झाल्यावर होते. तिकडचं आव्हान तिकीटवाटपाच्या आधी होतं, आणि ते नियमात बसतं.

बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार हे आपल्या ओळखीतलं उदाहरण आहे. 2018 मध्ये त्यांनी मिशिगन राज्याच्या गव्हर्नरपदासाठी, म्हणजे आपल्या मुख्यमंत्रिपदासारख्या पदासाठी, डेमोक्रॅटिक पक्षाची प्रायमरी लढवली आणि ते तिसरे आले. 2022 मध्ये डेट्रॉइटमधल्या मतदारसंघात स्थानिक वजनदार नेत्यांचा पाठिंबा दुसऱ्याच उमेदवाराला होता. तरी नऊ जणांच्या प्रायमरीत ठाणेदार पहिले आले आणि पुढे संसदेत गेले. वरून कुणी ‘थांबा’ म्हणालं म्हणून त्यांना थांबावं लागलं नाही.

खासदारकीची गोष्ट वेगळी, अध्यक्षपदाची वेगळी. तिथे आघाडीवरच्या उमेदवाराकडे पैसा असतो, गव्हर्नर असतात, कामगार संघटना असतात. तो स्वतः विद्यमान अध्यक्ष असला तर अख्खी सरकारी यंत्रणाही त्याच्या मागे असते. अशा माणसासमोर फारसं कुणाला माहीत नसलेला नेता उभा राहतो तेव्हा तो नेमकं काय मिळवायला उभा असतो? याचं सगळ्यात चांगलं उत्तर 1968 सालात सापडतं असं मला वाटतं, म्हणून ते साल जरा सावकाश बघू.

लिंडन जॉन्सन 1964 मध्ये 61 टक्के मतं घेऊन आणि 50 पैकी 44 राज्यं जिंकून अध्यक्षपदी निवडून आले होते. कृष्णवर्णीयांना मताचा हक्क बजावता यावा म्हणून 1965 चा कायदा त्यांनीच रेटून नेला. वृद्धांसाठी सरकारी आरोग्य विमा त्यांनीच आणला. पण 1967 संपता संपता व्हिएतनाममध्ये पावणेपाच लाखांहून जास्त अमेरिकन सैनिक होते आणि त्या एका वर्षात 11 हजारांवर मारले गेले होते. सक्तीची लष्करभरती चालू होती. घराघरात अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा टपालाची वाट बघत होता, आणि ते टपाल येऊ नये असं घरच्यांना वाटत होतं.

डेमोक्रॅटिक पक्षातले काही तरुण कार्यकर्ते, त्यांच्यात अ‍ॅलर्ड लोवेनस्टाइन पुढे होते, जॉन्सन यांच्यासमोर कुणीतरी उभं राहावं म्हणून दारोदार फिरत होते. पहिली पसंती रॉबर्ट केनेडी. नाव मोठं, भावाचा, म्हणजे अध्यक्ष जॉन केनेडींचा, वारसा मोठा. ते नाही म्हणाले. जॉर्ज मॅकगव्हर्न नाही म्हणाले. शेवटी मिनेसोटाचे सिनेटर युजीन मॅकार्थी हो म्हणाले. 30 नोव्हेंबर 1967 रोजी त्यांनी जाहीर केलं की अध्यक्षांच्या युद्धधोरणाला आव्हान देण्यासाठी आपण प्रायमरीत उतरतोय.

हा माणूस सभा गाजवणारा नव्हता. तरुणपणी बेनेडिक्टाइन या ख्रिस्ती पंथाच्या मठात साधू व्हायला गेलेला, काही महिन्यांनी परत आलेला, कॉलेजात शिकवलेला, कविता करणारा. आवाज चढवायचा नाही, टाळ्यांची वाक्यं घ्यायची नाहीत. वार्ताहरांना वाटायचं, याला अध्यक्ष व्हायचंय तरी का? मला तर त्यांचं हेच बळ वाटतं. ते मतदाराला एवढंच सांगत होते की हे युद्ध चुकतंय, तुम्हालाही तसं वाटत असेल तर तसं मत द्या.

पहिली प्रायमरी न्यू हॅम्पशायरची, 12 मार्च 1968 ची. छोटं राज्य, कडाक्याची थंडी, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फाचे ढीग. तिथे ठिकठिकाणच्या कॉलेजांतून बसगाड्या भरभरून विद्यार्थी येऊ लागले. तो काळ लांब केसांचा आणि दाढ्यांचा. पण न्यू हॅम्पशायरमधला गिरणी कामगार किंवा म्हातारी आजी दार उघडून असा मुलगा बघेल आणि दार लावून घेईल, हे प्रचारकांना माहीत होतं. म्हणून नियम झाला: घरोघरी जायचं असेल तर दाढी काढा, केस कापा, मुलींनी साधे लांब स्कर्ट घाला. ‘क्लीन फॉर जीन’ ही घोषणा त्यातूनच आली, जीन म्हणजे युजीन. ज्यांना दाढी सोडवेना ते कार्यालयात मागच्या खोलीत बसून पाकिटं चिकटवत, पत्ते लिहीत. बाकीचे बूट भिजवत दारोदार जात. आणि एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. तेव्हा मतदानाचं वय 21 होतं. त्या पोरांपैकी कित्येकांना स्वतःला मतच नव्हतं. व्हिएतनामला पाठवता येईल एवढे ते मोठे होते, पण मत देता येईल एवढे नव्हते. म्हणून ज्याला मत आहे त्याच्या दारात जाऊन ते त्याचं मत मागत होते. वयाची अट 18 वर आली ती पुढे 1971 मध्ये.

समोरच्या बाजूला राज्याचे गव्हर्नर आणि सिनेटर दोघेही जॉन्सन यांचे. जॉन्सन यांनी अजून उमेदवारी अधिकृतपणे जाहीर केलेली नव्हती, त्यामुळे मतपत्रिकेवर त्यांचं नावच नव्हतं. अशा वेळी मतदाराला मतपत्रिकेवरच्या कोऱ्या ओळीत हाताने नाव लिहून मत देता येतं. आपल्याकडे ही सोय नाही, म्हणून विचित्र वाटेल. तर मतदारांनी ‘लिंडन जॉन्सन’ असं लिहावं यासाठी पक्षाच्या नेत्यांनी एक युक्ती काढली. त्यांनी कार्डं छापली, क्रमांक घातलेली, तीन भागांची. मतदाराने सही करायची की मी अध्यक्षांनाच मत देणार. एक भाग मतदाराकडे, एक पक्षाच्या राज्य कार्यालयात आणि एक थेट व्हाइट हाउसला.

गावातला पुढारी हसतमुखाने कार्ड पुढे करतोय, सही घ्यायला पेनही त्याचंच, आणि कागदावर तुमचा क्रमांक छापलेला. आपल्याकडे गावकीत, सोसायटीत, कारखान्याच्या निवडणुकीत मतं काढलेल्या माणसाला या प्रसंगातला दाब वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. कागदावर सगळं प्रेमाचंच असतं. पण कुणी सही केली नाही, हेही त्याच कागदावरून कळतं. मॅकार्थींच्या लोकांनी नेमकं तेच उचललं. गुप्त मतदानाचं काय झालं, असं त्यांनी मतदारांना विचारायला सुरुवात केली. न्यू हॅम्पशायरच्या माणसाला आपल्या स्वतंत्र बाण्याचा अभिमान. ती कार्डं जॉन्सन यांच्यावरच उलटली.

मधल्या काळात युद्धाने स्वतःच प्रचार केला. जानेवारीच्या शेवटी व्हिएतनामी नववर्षाच्या सणात, टेटमध्ये, उत्तर व्हिएतनामच्या बाजूने एकाच वेळी दक्षिणेतल्या शहराशहरांत हल्ले झाले. सायगावमधल्या अमेरिकन वकिलातीच्या आवारात हल्लेखोर घुसले. युद्ध जिंकत आलोय असं सांगणाऱ्या सरकारला टीव्हीवरची दृश्यं खोटं पाडत होती. आणि मतदानाला दोन दिवस उरले असताना, 10 मार्चला, बातमी फुटली की सेनापतींनी आणखी 2 लाख 6 हजार सैनिक मागितलेत.

निकाल आला. जॉन्सन 27,520 मतं, 49.6 टक्के. मॅकार्थी 23,263 मतं, 41.9 टक्के.

म्हणजे मॅकार्थी हरले. मग दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत ते जिंकल्यासारखे का होते?

प्रायमरीत मतांची बेरीज होते तशी अपेक्षांशी तुलनाही होते. आपल्याकडेही हे चालतं. बालेकिल्ल्यात लाखाच्या फरकाने निवडून येणारा नेता पाच हजारांनी आला, तर गुलाल उधळला जातो, पण संध्याकाळी पारावर चर्चा वेगळीच असते. विद्यमान अध्यक्ष, युद्धकाळ, सगळे नेते पाठीशी, तरी स्वतःच्याच पक्षातल्या निम्म्याहून जास्त लोकांनी त्यांना मत दिलं नाही. नावं हाताने लिहिलेली मतं रिपब्लिकन प्रायमरीतही पडली होती. ती धरली तर दोघांतला फरक होतो फक्त काहीशे मतांचा. आणि प्रतिनिधींच्या मोजणीत तर मॅकार्थींनी 24 पैकी 20 मिळवले. कारण साधं होतं. तेव्हा तिथे प्रतिनिधींना नावानिशी वेगळं मत द्यायचं असे. मॅकार्थींच्या बाजूने जागा तितकेच उमेदवार उभे होते. जॉन्सन यांच्या बाजूने प्रत्येक स्थानिक पुढाऱ्याला अधिवेशनाला जायची हौस, त्यामुळे जागांपेक्षा कितीतरी जास्त जण उभे राहिले आणि एकमेकांची मतं खाऊन पडले.

आता जी गोष्ट सांगतोय ती बऱ्याचदा वगळली जाते, पण मला ती फार महत्त्वाची वाटते. नंतरच्या अभ्यासात दिसलं की न्यू हॅम्पशायरमध्ये मॅकार्थींना मत देणाऱ्यांत जॉन्सन यांच्या युद्धधोरणावर नाराज असलेले पुष्कळ होते, पण त्या नाराजांत युद्ध थांबवा म्हणणाऱ्यांपेक्षा युद्ध आणखी जोर लावून लढा म्हणणारेच जास्त होते. त्यांना मॅकार्थींची भूमिका नीटशी माहीतही नव्हती. त्यांना एवढंच कळत होतं की जे चाललंय ते बरोबर नाही, आणि ते सांगायला मतपत्रिकेवर एक नाव आहे. अनोळखी आव्हानवीराचं हे असं असतं. तो अनोळखी असतो म्हणूनच प्रत्येकाला आपापला राग त्याच्या नावावर टाकता येतो. त्याला मिळालेलं प्रत्येक मत त्याच्या विचाराला मिळालेलं मत आहे असं समजू नये, ना त्याने, ना आपण.

पुढचे दिवस झपाट्याने गेले. 16 मार्चला रॉबर्ट केनेडी मैदानात उतरले. बर्फात पाय भिजवलेल्या पोरांना याचा संताप आला, आणि तो रास्त होता. वाट काढली एकाने आणि चालायला आले दुसरे. 2 एप्रिलला विस्कॉन्सिनची प्रायमरी होती आणि तिथे अध्यक्ष हरणार अशी चिन्हं होती. 31 मार्चच्या रविवारी रात्री जॉन्सन टीव्हीवर आले, बॉम्बफेक कमी करत असल्याचं त्यांनी सांगितलं, आणि भाषणाच्या शेवटी म्हणाले की पुढच्या कारकिर्दीसाठी पक्षाची उमेदवारी मी मागणार नाही आणि स्वीकारणारही नाही. न्यू हॅम्पशायरपासून 19 दिवस झाले होते.

इथे गोष्ट संपली असती तर ती फार गोड झाली असती. 4 एप्रिलला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. एप्रिलच्या शेवटी उपाध्यक्ष ह्यूबर्ट हम्फ्री यांनी उमेदवारी जाहीर केली. मॅकार्थी ऑरेगॉन जिंकले, केनेडी इंडियाना, नेब्रास्का आणि 4 जूनला कॅलिफोर्निया. त्याच रात्री विजयाचं भाषण करून हॉटेलच्या स्वयंपाकघरातून बाहेर पडताना केनेडींना गोळ्या घातल्या गेल्या. 6 जूनला ते गेले.

हम्फ्री यांनी एकही प्रायमरी लढवली नाही. तरी ऑगस्टमध्ये शिकागोच्या अधिवेशनात त्यांना साधारण 1,760 प्रतिनिधींची मतं पडली आणि मॅकार्थींना 601. हे कसं झालं ते समजून घेतलं की सगळा विषय समजतो. तेव्हा प्रायमरी जेमतेम 14-15 राज्यांत होत असे. बाकी राज्यांत प्रतिनिधी कोण हे पक्षाचे नेते, महापौर, गव्हर्नर आपल्या बैठकांत ठरवत. एक तृतीयांशाहून जास्त प्रतिनिधी तर 1968 साल उजाडण्याआधीच ठरल्यात जमा होते. म्हणजे बर्फात फिरणारी पोरं जी मतं मागत होती त्यांनी वातावरण बदललं, अध्यक्षाला माघार घ्यायला लावली, पण तिकीट कुणाला मिळणार ते त्या मतांच्या हातात नव्हतंच. त्या अर्थी एबी फॉर्म तिकडेही होता. तो आतल्या खोलीत होता.

शिकागोच्या रस्त्यांवर पोलिसांनी निदर्शकांना झोडपलं, ते टीव्हीवर सगळ्या देशाने पाहिलं. हिल्टन हॉटेलात मॅकार्थींच्या कार्यकर्त्यांनी आपल्या खोल्यांत जखमींची मलमपट्टी केली. नोव्हेंबरमध्ये हम्फ्री रिपब्लिकन पक्षाच्या रिचर्ड निक्सनकडून हरले, दोघांच्या मतांत एक टक्क्याहूनही कमी फरक होता.

पण त्या अधिवेशनाच्या गदारोळातच एक ठराव झाला होता की प्रतिनिधी निवडण्याची पद्धत तपासा. त्यातून मॅकगव्हर्न आणि फ्रेझर यांच्या नावाने ओळखला जाणारा आयोग आला. त्याने सांगितलं: प्रतिनिधी निवडणुकीच्याच वर्षी निवडा, नियम लेखी करा, बैठका उघड्या ठेवा, स्त्रियांना, तरुणांना, कृष्णवर्णीयांना जागा द्या. बहुतेक राज्यांनी यावर सोपा मार्ग म्हणून प्रायमरीच सुरू केली. आज आपण जी महिनोन्महिने चालणारी प्रायमरीची धामधूम बघतो ती इथून आली. 1976 मध्ये जिमी कार्टर नावाचे जॉर्जियाचे माजी गव्हर्नर ‘कोण हे जिमी?’ अशा प्रश्नांतून निघून थेट अध्यक्ष झाले, ते या नव्या वाटेने. पक्षाच्या नेत्यांना मग वाटलं की लगाम फारच सुटला, म्हणून 1984 पासून त्यांनी स्वतःसाठी काही राखीव मतं ठेवली. अशी मतं असणाऱ्या नेत्यांना सुपरडेलिगेट म्हणतात. 2016 मध्ये बर्नी सँडर्स यांनी हिलरी क्लिंटन यांच्यासमोर 20 हून जास्त राज्यं जिंकली, हरले, पण त्यांच्या समर्थकांच्या रेट्यामुळे 2018 मध्ये नियम झाला की निकाल आधीच स्पष्ट नसेल तर सुपरडेलिगेटनी पहिल्या फेरीत मत द्यायचं नाही. हरलेल्या आव्हानवीरांच्या मागे असे नियम बदलत आलेत.

मग 2024 मध्ये काय झालं?

पुन्हा मिनेसोटाचाच एक नेता, खासदार डीन फिलिप्स. पुन्हा न्यू हॅम्पशायर. पुन्हा विद्यमान अध्यक्षाचं, म्हणजे जो बायडेन यांचं, नाव मतपत्रिकेवर नाही, कारण पहिल्या प्रायमरीचा मान कुठल्या राज्याचा यावरून पक्षाचा आणि त्या राज्याचा वाद झाला होता. पुन्हा ‘कोऱ्या ओळीत नाव लिहा’ असा प्रचार. फिलिप्स यांचा मुद्दा एकच होता. बायडेन चांगले अध्यक्ष आहेत, पण त्यांचं वय झालंय आणि नोव्हेंबरमध्ये ते हरतील. जनमत चाचण्यांत डेमोक्रॅटिक मतदारही हेच सांगत होते. पक्षातले बडे नेते मात्र उघडपणे बोलायला तयार नव्हते.

बायडेन यांना हाताने लिहिलेली सुमारे 64 टक्के मतं पडली, फिलिप्स यांना सुमारे 20. मार्चमध्ये स्वतःच्या मिनेसोटातही ते तिसरे आले. गाझाच्या प्रश्नावर ‘कुणालाच नाही’ असं मत द्या म्हणणाऱ्यांना तिथे त्यांच्या दुपटीहून जास्त मतं मिळाली. त्यांनी माघार घेतली.

42 आणि 20 यांत फरक कशाने पडला यावर मी पुष्कळ विचार केला. मॅकार्थींकडे फिलिप्स यांच्याहून जास्त पैसा किंवा नाव होतं असं नाही. पण त्यांच्या मुद्द्यात लोकांच्या मुलांचा जीव होता, त्या मुद्द्यासाठी परक्या गावात जाऊन दार ठोठावणारी हजारो माणसं होती, आणि मतदानाच्या आदल्या आठवड्यांत सरकारचा दावा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत कोसळला. फिलिप्स एकटे फिरत होते. वयाबद्दल काळजी करणारा मतदारही ‘समोर ट्रम्प आहेत, घरातलं भांडण आता नको’ म्हणून गप्प बसला. आणि जो पुरावा त्यांच्या बाजूने बोलला असता तो उशिरा आला, 27 जूनच्या रात्री, ट्रम्पबरोबरच्या वादसभेत. सुमारे 5 कोटी लोकांनी बायडेन यांना शब्दासाठी अडखळताना पाहिलं. 21 जुलैला बायडेन यांनी उमेदवारी सोडली.

तोवर सगळ्या प्रायमरी उरकल्या होत्या. बायडेन यांच्या नावावर निवडून आलेल्या प्रतिनिधींनी उपाध्यक्ष कमला हॅरिस यांना उमेदवार केलं. त्या वर्षी हॅरिस यांच्या नावावर एकाही राज्यात प्रायमरी झालेली नव्हती. ऑगस्टमध्ये अधिवेशन भरलं, ते शिकागोलाच.

मॅकार्थी 1970 मध्ये सिनेटसाठी पुन्हा उभे राहिले नाहीत. मिनेसोटाची ती जागा त्या वर्षी हम्फ्री यांनी जिंकली. मॅकार्थी कविता लिहीत राहिले, पुढे आणखी काही वेळा अध्यक्षपदासाठी उभेही राहिले, पण त्या मार्चसारखी मजल त्यांना पुन्हा कधी मारता आली नाही. 2005 च्या डिसेंबरात ते गेले, वयाच्या 89 व्या वर्षी.